जुना सिनेमा ‘रिस्टोअर’ करतात म्हणजे नेमकं काय करतात?

डिसेंबर २०२५ मध्ये ‘शोले’ पुन्हा थिएटरांत लागला आणि ज्यांना त्यातला संवादन्‌संवाद पाठ आहे ते लोकही शेवटाला चक्रावले. पन्नास वर्षं आपण पाहत आलो ते असं: ठाकूर गब्बरला खिळे ठोकलेल्या जोड्यांनी तुडवतो, आता जीव घेणार तोच पोलीस येतात, कायद्याची आठवण करून देतात आणि गब्बरच्या हातात बेड्या पडतात. या प्रतीत ठाकूरला अडवायला कोणी येत नाही. तो गब्बरला मारून टाकतो.

साहजिकच घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर प्रश्न सुरू झाले. हे आता नव्याने शूट केलं का? कॉम्प्युटरवर बनवलं का? आणि आधीपासून होतं, तर थिएटरात इतकी वर्षं का नाही दाखवलं?

या प्रश्नांची उत्तरं रिस्टोरेशन नावाच्या कामात आहेत, आणि त्या कामाबद्दल आपल्याकडे बराच घोळ आहे. यूट्यूबवर कुठल्याही जुन्या गाण्याखाली ‘४के रिस्टोअर्ड’ असं ठोकून दिलेलं असतं. खऱ्या अर्थाने रिस्टोरेशन, म्हणजे चित्रपटाचा जीर्णोद्धार, हे वेगळं आणि फार किचकट काम आहे. चित्रपटाचं मिळेल ते साहित्य शोधायचं, दुरुस्त करायचं आणि तो मुळात जसा होता त्याच्या शक्य तितकं जवळ न्यायचा. अडतं ते ‘मुळात जसा होता’ यावर. तो कसा होता हे ठरवायला चित्रपट कळावा लागतो, नुसतं सॉफ्टवेअर येऊन भागत नाही. शिवाय माझी अशी पक्की समजूत आहे की जुन्या सिनेमांबद्दलची आपली बरीचशी मतं त्या सिनेमांबद्दलची नसतातच. ती त्यांच्या खराब प्रतींबद्दलची असतात.

## सिनेमा असतो कुठे?

आधी अगदी पायाचं. डिजिटल कॅमेरे येण्यापूर्वी सिनेमा फिल्मच्या पट्टीवर चित्रित व्हायचा. कॅमेऱ्यातून निघते ती निगेटिव्ह. तिच्यावरून थिएटरसाठी छापतात ती प्रिंट. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात, त्यातलं प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. अडीच तासांचा सिनेमा धरला तर २,१६,००० फ्रेम झाल्या. हजार फुटांचं एक रीळ जेमतेम ११ मिनिटं चालतं, त्यामुळे एक सिनेमा म्हणजे डब्यांची चांगली चळतच असते. आवाजाची निगेटिव्ह वेगळी, चित्राची वेगळी; दोन्ही एकत्र येतात ते प्रिंटवर.

निगेटिव्ह वारंवार वापरली की झिजते. म्हणून तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह काढायची, तिला ड्यूप म्हणतात, आणि पुढच्या प्रिंटा त्या ड्यूपवरून. प्रत्येक पायरीला चित्र थोडं पुसट होतं, काळं अधिक काळं आणि पांढरं अधिक पांढरं होतं. त्यात प्रिंट गावोगाव फिरणार. शहरातून तालुक्याला, तालुक्यातून जत्रेतल्या तंबूत. प्रोजेक्टर ओरखडे पाडणार, फिल्म तुटली की ऑपरेटर चार फ्रेम कापून जोड मारणार, खेळ वेळेत संपवायला एखादं गाणंही उडवलं जाणार.

चाळीस वर्षांनी जे उरतं ते असं: निगेटिव्हची काही रिळं लॅबमध्ये, एखादी बरी प्रिंट परदेशातल्या वितरकाकडे, आवाज तिसरीकडे. मूळ सिनेमा नावाची एक वस्तू एका जागी सुखरूप ठेवलेली आहे, असं क्वचितच असतं.

## फिल्म मरते कशी?

साधारण १९५० पर्यंतच्या फिल्म नायट्रेटच्या असत. चित्र सुंदर, पण वस्तू स्फोटक. एकदा पेटली की जळायला लागणारा प्राणवायू ती स्वतःच पुरवते, त्यामुळे पाण्यात बुडवली तरी विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जिथे एकेकाळी प्रभातचा स्टुडिओ होता तिथेच, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली. त्यात काय काय गेलं याची हळहळ चित्रपट अभ्यासकांमध्ये अजून संपलेली नाही.

पुढे आली ॲसिटेटची ‘सेफ्टी फिल्म’. ती भडकत नाही, पण दमट आणि गरम हवेत आतून सडते. डबा उघडला की व्हिनेगरचा आंबट वास येतो, पट्टी आकसते, वाकते, कडेची भोकं यंत्राच्या दात्यांवर बसेनाशी होतात. मुंबईची हवा या रोगाला अगदी पोषक. रंगीत फिल्मचं दुखणं आणखी निराळं: तिच्यातला निळसर रंग आधी उडतो आणि मागे गुलाबी-तांबूस चित्र राहतं. सत्तरच्या दशकातले कित्येक सिनेमे आपल्याला ‘त्या काळी असेच रंग असायचे’ असं वाटायला लावतात, ते यामुळे. तेव्हा तसे रंग नव्हते.

आणि माणसांनी मारलं ते वेगळंच. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते. चित्रपट उतरला, गोदामाचं भाडं चढायला लागलं, की फिल्म वितळवून चांदी काढायची हा रीतसर धंदा होता. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेला भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ आज कुठेही उपलब्ध नाही. मूकपटांच्या काळात देशात सुमारे १३०० चित्रपट बनले. उरले ते तिसाच्या आत, आणि त्यातले कित्येक तुकड्यांत.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला, हे शाळेच्या पुस्तकात असतं. शाळेत सांगत नाहीत ते हे, की आज त्याचं फक्त पहिलं आणि शेवटचं रीळ शिल्लक आहे. आणि तेही १९१३ चं नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचं असावं, असं काही अभ्यासक मानतात. भारतीय सिनेमाचा आरंभ म्हणून आपण जे पाहतो ते कदाचित त्याचं दुसरं रूप आहे.

## मग दुरुस्ती करतात तरी कशी?

पहिलं काम शोधाशोधीचं. जगभरातल्या संग्रहालयांना, लॅबना, निर्मात्यांच्या वारसांना पत्रं घालायची. मिळेल ते साहित्य टेबलावर मांडून फ्रेमशः ताडून पाहायचं: या प्रसंगासाठी निगेटिव्ह चांगली, त्या गाण्यासाठी अमुक प्रिंट.

श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ (१९७६) घ्या. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून केलेला चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची, समोर स्मिता पाटील. फिल्म हेरिटेज फाउंडेशन या मुंबईच्या संस्थेने त्याचा जीर्णोद्धार केला. चित्र घेतलं राष्ट्रीय संग्रहालयातल्या मूळ निगेटिव्हवरून, आवाज घेतला एका जुन्या प्रिंटवरून. रंग ठरवताना स्वतः छायाचित्रकार गोविंद निहलानी सोबत होते. मे २०२४ मध्ये तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि मग आपल्याकडच्या थिएटरांतही आला.

साहित्य जमलं की हाताचं काम. तुटलेली भोकं एकेक करून सांधायची, जुने चिकटपट्टीचे जोड सोडवायचे, बुरशी पुसायची. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत सापडल्या. जळक्या, वेड्यावाकड्या झालेल्या त्या पट्ट्या कुणीतरी शहाणपणाने टाकून दिल्या नाहीत. वीसेक वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांनी त्यांना रसायनांनी पुन्हा लवचिक केलं, हातांनी सांधलं आणि ‘पथेर पांचाली’च्या मूळ निगेटिव्हचा सुमारे ४० टक्के भाग वाचवला. उरलेलं इतर प्रतींवरून भरून काढलं. कॉम्प्युटर यानंतर येतो. आधी प्रत्येक फ्रेमचं स्कॅनिंग, मग ओरखडे, डाग, थरथर काढणं, मग रंगांचा आणि उजेडाचा मेळ, शेवटी आवाज.

## पुसायचं काय आणि ठेवायचं काय?

आपल्याकडे एखाद्या जुन्या गणपतीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे थर चढतात. सोंड कुठे, हात कुठे कळेनासं होतं. कधीतरी ते कवच गळून पडतं आणि खालची कोरीव मूर्ती दिसते. गावातले काही हरखतात, काही म्हणतात, आमचा देव हा नव्हेच. रिस्टोरेशन करणारा सतत या पेचात असतो. वर त्याला धाक हा, की शेंदूर खरवडता खरवडता मूळ दगडाचाही टवका उडेल.

फिल्मवर बारीक रवा दिसतो, त्याला ग्रेन म्हणतात. चित्र ज्या चांदीच्या कणांनी बनलं तेच ते कण. म्हणजे ती घाण नाही, चित्रच आहे. पण मोबाइलच्या गुळगुळीत चित्राला सरावलेल्या डोळ्यांना तो खटकतो, आणि मग कोणीतरी एका बटणात तो पुसून टाकतं. परिणाम तुम्ही पाहिला असेल: नायिकेचा चेहरा मेणाचा दिसतो, केस एकजीव होतात, साडीचं पोत नाहीसं होतं.

‘कागज के फूल’मधला (१९५९) तो प्रसिद्ध प्रकाशाचा झोत आठवा. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून ऊन आत घेऊन तो साधला होता. झोत दिसतो तोच मुळी हवेतल्या कणांमुळे. आता कचरा शोधणाऱ्या यंत्राला फिल्मवर बसलेली धूळ आणि स्टुडिओत तरंगणारी धूळ यांतला फरक कुठून कळणार? तिथे बसलेल्या माणसालाच तो दृश्याचा अर्थ ठाऊक असावा लागतो. या कामाला मी चित्रपट समीक्षेचाच एक प्रकार मानतो तो यासाठी.

याहून अवघड प्रश्न आहेत. चमत्काराच्या दृश्यात आधाराची तार दिसली तर ती पुसायची का? १९३० च्या प्रिंटवर आणि तेव्हाच्या दिव्याच्या उजेडात ती कदाचित दिसतही नसेल, आज स्कॅनिंगमध्ये लख्ख दिसते. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर तार खरीच तिथे होती. माझं मत ठेवण्याकडे झुकतं. चूक असली तरी ती ज्याची त्याची आहे. पण उलट बाजूलाही जाणकार आहेत आणि त्यांचंही म्हणणं टाकाऊ नाही.

मूकपटांत माणसं तुरुतुरु चालतात, हा आणखी एक गैरसमज. ते बहुधा सेकंदाला १६ ते २० फ्रेमनी चित्रित झालेले असत आणि आपण २४ नी पळवतो. वेग नीट केला की विनोदी वाटणारी माणसं एकदम गंभीर होतात.

## ‘पण यूट्यूबवर आहेच की फुकट!’

आहे. ‘संत तुकाराम’ (१९३६) तिथेच पाहून ‘संथ आहे, नाटकी आहे’ म्हणणारे खूप भेटतात. दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, मुंबईत वर्षभराहून अधिक चालला, आणि तरी आजच्या प्रेक्षकाला तो का पोचत नाही?

त्या चित्रपटाचं सगळं बळ तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्यात आहे. ते अभिनय करतायत असं वाटतच नाही. ते गातात, ऐकतात, थबकतात. पुसट प्रतीत डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके दिसत असतील तर ते थबकणं म्हणजे नुसती रिकामी जागा होते. त्यांच्यासमोर गौरीबाईंची जिजाई: पोरांच्या पोटाची चिंता करणारी, देवावर उखडणारी. दोघांच्या बोलण्याच्या लयीत चित्रपटाचा सगळा तोल आहे, आणि आवाजात खरखर असेल तर तो तोल कानाला लागत नाही. (यातलं ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवल्यांनी लिहिलं, तरी अनेक जण ते तुकोबांचाच अभंग समजून गातात. ऐकू आलं म्हणून तर एवढं रुजलं.)

संथपणाचा आरोप सगळाच खोटा आहे असं मी म्हणणार नाही. त्यातली चमत्काराची दृश्यं मलाही आज लांबल्यासारखी वाटतात. पण चांगली प्रत पाहून केलेली तक्रार आणि वाईट प्रत पाहून केलेली तक्रार यांची किंमत एक नाही. आचार्य अत्र्यांची ‘श्यामची आई’ (१९५३) २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, जीर्णोद्धार झालेल्या प्रतीत दाखवली गेली. ती दूरदर्शनवर पाहूनच ज्यांनी मत बनवलंय, त्यांनी संधी मिळाली तर हा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहून मग बोलावं.

## ‘मग रंगीतच का करत नाहीत?’

२००४ मध्ये ‘मुग़ल-ए-आज़म’ संपूर्ण रंगीत करून पुन्हा लावला आणि चाललाही. मुळात १९६० मध्येच त्याचे काही भाग रंगीत होते, त्यामुळे तिथे निदान दिग्दर्शकाच्या इच्छेचा आधार होता. पण ते रिस्टोरेशन नव्हे. ती नवी आवृत्ती आहे. कृष्णधवल छायाचित्रकार उजेड-सावलीत विचार करतो. कोणती साडी पडद्यावर करडी दिसेल ते पाहून ती निवडली जाते. तिला हिरवी केली म्हणजे काही परत मिळालं असं होत नाही. लोकांना आवडत असेल तर जरूर करा, फक्त पाटी बरोबर लावा.

हीच गोष्ट एआयची. मोबाइलवर जुनं गाणं ‘४के’ करणारं ॲप हरवलेला तपशील शोधून आणत नाही, अंदाजाने नवा बनवतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’च्या तमिळ आवृत्तीचा शेवट एआयने बदलून ती पुन्हा प्रदर्शित केली गेली, दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष दोघांनीही उघड निषेध केला.

## तर ‘शोले’चा खरा शेवट कोणता?

वरवर पाहता तिथेही शेवटच बदलला. फरक असा, की ‘शोले’चा हा शेवट १९७५ च्या प्रदर्शनाआधीच चित्रित झालेला होता. तेव्हा आणीबाणी होती. निवृत्त पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चालेना, म्हणून रमेश सिप्पींना पोलीस आणून शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. मूळ शेवट नंतर व्हिडिओ प्रतींमधून काहींनी पाहिलाही. थिएटरच्या दर्जात तो परत आणायला सुमारे तीन वर्षं लागली. मूळ कॅमेरा निगेटिव्हची अवस्था वाईट होती, ७० मिमीची एकही प्रत उरलेली नव्हती. मुंबईतलं आणि इंग्लंडमध्ये ठेवलेलं साहित्य जुळवून प्रत उभी राहिली. जून २०२५ मध्ये बोलोन्याच्या चौकात उघड्यावर तिचा पहिला खेळ झाला.

कथेच्या दृष्टीने मला परत आलेला शेवट अधिक सुसंगत वाटतो. ज्याचं घरदार गेलं, हात गेले, त्या माणसाला शेवटच्या मिनिटाला कायद्याचा धडा ऐकवणं हे पहिल्यापासून उपऱ्यासारखं वाटायचं. पण मग पन्नास वर्षं आपल्या आईवडिलांनी टाळ्या-शिट्ट्यांत पाहिला तो ‘शोले’ खोटा का? तो शेंदूर आहे, पण त्या शेंदरावर आणीबाणीचे ठसे आहेत. तोही इतिहासच. म्हणून माझ्या मते दोन्ही शेवट सांभाळायला हवेत आणि कोणती प्रत दाखवतोय हे प्रेक्षकाला आधी सांगायला हवं. जर्मनीच्या ‘मेट्रोपोलिस’चा (१९२७) हरवलेला भाग २००८ मध्ये ब्युनोस आयरेसच्या एका संग्रहालयात सापडला, तोही ओरखड्यांनी भरलेला. जीर्णोद्धारानंतरही ते ओरखडे बऱ्याच अंशी दिसतात. पाहताना लगेच कळतं, हा तुकडा नंतर जोडला आहे.

## एवढा पैसा यावर कशाला?

केंद्राच्या राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेची तरतूद सुमारे ५९७ कोटींची, आणि २०२२ मध्ये जाहीर झालेलं लक्ष्य २२०० चित्रपटांचं. शाळा-दवाखाने सोडून हे कशाला, असं कोणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. यावर एवढंच म्हणता येईल की शाळेची इमारत दहा वर्षांनीही बांधता येते. सडत चाललेली फिल्म दहा वर्षं थांबत नाही. मला खरी काळजी वेगळी वाटते. संख्येचं लक्ष्य ठेवलं की घाई होते, आणि घाईत सगळ्यात आधी ग्रेनच पुसला जातो. शिवाय स्कॅन केलं म्हणजे मूळ फिल्म टाकायला मोकळे झालो, असं नव्हे. हार्ड डिस्क फिल्मपेक्षा लवकर मरते. थंड, कोरड्या जागी ठेवलेली फिल्म कित्येक दशकं टिकते.

## घरात किंवा गोदामात डबा सापडला तर

हे शेवटचं सांगायलाच हवं, कारण ‘मेट्रोपोलिस’चा तो भागही १६ मिमीच्या जुन्या डब्यांतच होता आणि महाराष्ट्रात तंबू टॉकीज चालवणारी कुटुंबं थोडी नव्हती. असा डबा मिळाला तर प्रोजेक्टरवर चढवू नका. आकसलेली फिल्म तिथेच फाटते. जवळ काडी, उदबत्ती, गरम बल्ब नको, कारण डबा १९५० च्या आधीचा असेल तर तो नायट्रेटचा असू शकतो. आंबट वास येत असेल तर तो डबा बाकीच्या डब्यांपासून वेगळा ठेवा. ती वाफ चांगल्या फिल्मही नासवते. डब्यावरची चिठ्ठी कितीही फाटकी असली तरी काढू नका. तिचा मोबाइलवर फोटो काढा आणि पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे कळवा.